नोंदवहीतून संगणकात : रेल्वे आरक्षणाचे संथ स्थित्यंतर

१/१२
१९८० च्या दशकाच्या आरंभी रेल्वेतील आरक्षण म्हणजे नोंदवहीतील एक ओळ असे. प्रत्येक गाडीची आणि प्रत्येक तारखेची पाने निराळी. ज्या खिडकीवर ती वही, त्याच खिडकीसमोर रांग लावणे भाग. वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असल्याने शेजारची खिडकी रिकामी असूनही प्रवाशाला तिचा उपयोग नसे.

२/१२
परतीच्या प्रवासाचे आरक्षण याहून बिकट होते. मुंबईच्या प्रवाशाला दिल्लीहून परत यायचे असल्यास त्या गाडीची वही दिल्लीत असे. मुंबईहून तार जाई आणि उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागे. जागा मिळाली की नाही, हे कित्येकांना परगावी पोहोचल्यावरच कळे.

३/१२
संगणक आणावा, हे उत्तर उघड होते. खरी अडचण वही बंद करण्यात होती. आरक्षण आगाऊ होत असल्यामुळे कोणत्याही दिवशी तिच्यात पुढील कित्येक दिवसांच्या नोंदी असत. प्रत्येक नोंद हे कोणा प्रवाशाला दिलेले वचन होते. त्यातील एकही न मोडता सगळी वचने नव्या जागी न्यायची होती आणि त्या काळात गाड्याही धावत राहणार होत्या.

४/१२
आरंभ १९८५ मध्ये नवी दिल्लीत झाला. सीएमसी या सरकारी कंपनीने घडवलेल्या प्रणालीचे नाव होते ‘इम्प्रेस’. प्रथम प्रयोग, मग विस्तार, असा तिचा क्रम राहिला. १९८७ मध्ये मुंबई, कोलकाता व मद्रास येथे आणि १९८९ मध्ये सिकंदराबाद येथे संगणकीय आरक्षण पोहोचले. आता कोणत्याही खिडकीवर त्या केंद्राकडील कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले.

५/१२
अशा संथ बदलास रेल्वेचे कामकाज अनुकूल होते. एका गाडीचा एका तारखेचा हिशेब दुसऱ्या गाडीच्या हिशेबात गुंतलेला नसतो. म्हणूनच काही गाड्या संगणकावर आणि उरलेल्या वहीत, अशी स्थिती काही काळ चालू शकते. जुनी प्रणाली टप्प्याटप्प्याने बदलताना पहिला प्रश्न हाच असतो : तिचा कोणता भाग इतरांना धक्का न लावता सुटा करता येईल?

६/१२
मात्र पाच केंद्रे म्हणजे पाच बेटे ठरली. दिल्लीच्या संगणकाला मुंबईच्या गाड्यांची माहिती नव्हती. वहीच्या जागी संगणक आला, तरी शहराची भिंत तशीच उभी राहिली. जी प्रणाली काल आधुनिक म्हणून आली होती, तीच दशकभरात अपुरी पडू लागली.

७/१२
यावर रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने (स्थापना १९८६) ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली विकसित केली. पाचही केंद्रांची माहिती एकाच महासंगणकात ओतण्याचा मार्ग तिने टाळला. प्रत्येक गाडीचा हिशेब आपापल्या केंद्रातच राहिला. दुसऱ्या शहरातील खिडकीवरून मागणी आली, की ती जाळ्यामार्गे संबंधित केंद्राकडे जाई आणि तेथून उत्तर येई. पूर्वी तार जे काम करीत असे, तेच आता क्षणार्धात होऊ लागले.

८/१२
हा प्रयोगही सर्वत्र एकदम झाला नाही. पाच केंद्रांत संगणक सर्वांत शेवटी जेथे पोहोचला होता, त्या सिकंदराबादेत १९९४ मध्ये ‘कॉन्सर्ट’ प्रथम कार्यान्वित झाली. पाचही केंद्रे जाळ्यात जोडली जाण्यास १९९९ उजाडले. पहिल्या केंद्रापासून शेवटच्यापर्यंत सुमारे पाच वर्षे लागली.

९/१२
ही गती मंद वाटत असेल, तर उलट मार्गाचे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. एप्रिल २०१८ मध्ये टीएसबी बँकेने सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती शनिवार-रविवारच्या सुट्टीत एकदम नव्या प्रणालीवर नेली. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांपर्यंत पोहोचता येईना. काहींना तर परक्यांच्या खात्यांचे तपशील दिसले. घडी पूर्ववत बसण्यास डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

१०/१२
रेल्वेने पुढील पाऊलही सावधपणेच टाकले. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून आरक्षण सुरू झाले, तेव्हा मूळ प्रणाली हलवली नाही. तिच्यासमोर केवळ नवे दार उघडले. आरंभी तर तिकीट छापील असे आणि कुरिअरने घरी येई. घरीच छापता येणारे ई-तिकीट २००५ मध्ये आले.

११/१२
या सावधगिरीचे मोलही द्यावे लागले. दारे वाढत गेली, गाभा मात्र जुनाच राहिला. फोरट्रान व सी या भाषांतील आज्ञावली दशकानुदशके राबत राहिली. सकाळी तत्काळची वेळ होताच थबकणारे संकेतस्थळ हा घरोघरच्या तक्रारीचा विषय झाला. त्यासाठी २०१४ मध्ये ई-तिकिटाची यंत्रणा नव्याने उभारावी लागली. टप्प्याटप्प्याने जाणारा अपघात टाळतो, परंतु पुढचा टप्पा लांबवत राहिल्यास जुने ओझे वाढत जाते.

१२/१२
तरीही नोंदवहीपासून ई-तिकिटापर्यंतच्या या वीस वर्षांत देशभरचे आरक्षण एकाच दिवशी पणाला लागले नाही. जुन्या प्रणालीत इतरांना दिलेली वचने साठवलेली असतात, हे ज्याला उमगते, तो ती एकेक करून उचलतो. नवी दिल्लीतील प्रयोगाच्या दिवसांत वहीत नाव लिहून घेऊन गेलेल्या प्रवाशाला या स्थित्यंतराशी कर्तव्य नव्हते. ठरल्या दिवशी आपली जागा मिळावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. बदल सुरक्षित झाला की नाही, याची खरी कसोटी तीच.