मुलकी, गैरमुलकी

निजामाच्या काळातल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की आजोबांचा आवाज चढायचा. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. 1919च्या फर्मानानं हैदराबाद संस्थानातल्या नोकऱ्या मुलकींसाठी, म्हणजे संस्थानातल्याच लोकांसाठी राखल्या. बाहेरच्याला मुलकी व्हायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागे. संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मद्रास-मुंबईकडचे अधिकारी आले, आणि 1952 साली हैदराबादेत ‘गैरमुलकी परत जा’ म्हणत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गोळीबारात काहींचा जीव गेला. “पोरं आमची शिकली, अन् खुर्ची दुसऱ्याला,” आजोबा म्हणायचे. त्यांचं दुखणं मला आजही खरं वाटतं.

आईकडच्या आजीच्या गोष्टी उलट्या दिशेनं जायच्या. 1972च्या दुष्काळात तिचा भाऊ मुंबईत मानखुर्दला गेला. दाक्षिणात्य नोकऱ्या बळकावतात, असं म्हणत शिवसेना त्या शहरात 1966 सालीच उभी राहिली होती. भाऊ तर मराठीच बोलणारा. तरी ‘कुठून कुठून येऊन गर्दी करतात’ हे त्यालाही ऐकावं लागलं.

आजी स्वतः ऊसतोडीला जायची. मंठा, अंबड, घनसावंगीकडून आजही टोळ्या जातात. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, अन् दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं. कारखान्याकडचे मजूर म्हणत, यांच्यामुळं आमची मजुरी पडते. आजी सांगायची, “खोटं नव्हतं त्यांचं. पर भाव काय आम्ही ठरवित होतो?” गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, परवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी येत नाही. उचल अंगावर असलेल्याला ती सोय नसते. तो मध्यरात्री उठून गाडी भरतो. म्हणून तर त्याला दुरून आणतात. मजुरी पडते ती त्या उचलीपायी, आणि राग निघतो कोयत्यावर.

आता जालन्यातच ऐकू येतं: स्टीलच्या कारखान्यांत परप्रांतीय, अन् आमची पोरं रिकामी. पोरं रिकामी आहेत, हे मलाही सलतं. पण 8 मे 2020ची पहाटही मला विसरता येत नाही. टाळेबंदीत जालन्याच्या एका स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशचे कामगार भुसावळकडे रुळांवरून पायी निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडीखाली सोळाजण गेले.

आजी तेव्हा असती, तर तिनं आधी विचारलं असतं, त्यांचा मुकादम कोण होता.