नव्याण्णवाच्या पट्ट्याची कुळकथा

मराठीत ‘कूळ’ या शब्दाचे संसार दोन आहेत. एकीकडे कूळ म्हणजे घराणे, पूर्वजांची अखंड परंपरा. दुसरीकडे कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने धारण करणारा, ज्याच्या नावापुढे कुलकर्ण्याच्या दप्तरात येणे मांडलेले असते तो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर घेणारा गृहस्थ आपण पुढच्या चार पिढ्यांच्या निवाऱ्याची, म्हणजे पहिल्या अर्थाच्या कुळाची, तजवीज केली असे समजून वास्तुशांतीला गावजेवण घालतो आणि दप्तरात मात्र त्याची गणना दुसऱ्या अर्थाच्या कुळातच झालेली असते. या विसंगतीचे मूळ ज्या कागदात आहे, त्या पट्ट्याची वंशावळ थोडी मागे जाऊन पाहण्याजोगी आहे.

पट्टा हा शब्द जन्मतः असा अल्पायुषी नव्हता. संस्कृतातील ‘पट्ट’ म्हणजे फळी, पत्रा, लेख कोरता येईल असा सपाट पृष्ठभाग. शिलाहार आणि यादव राजांनी दिलेली भूमिदाने ज्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरली गेली ते ताम्रपट, आणि अशा दानाची मुदत सांगताना लेखक आकडा घालीत नसे, ‘आचंद्रार्क’ असे लिही. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे. सोळाव्या शतकात शेरशहा सूराच्या महसुली व्यवस्थेत हाच शब्द तांबे सोडून कागदावर उतरला: सरकारने रयतेला द्यावयाचा तो पट्टा आणि रयतेने सरकारला लिहून द्यावयाची ती कबुलायत. आपल्याकडे मराठेशाहीत हे काम पुष्कळदा ‘कौला’ने होई. कौल हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ बोल, वचन. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे वर्षागणिक चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पूर्ण दराचा. जमिनीचे भाडे टप्प्याटप्प्याने वाढविण्याची जी कलमे आजच्या करारांत नवी युक्ती म्हणून मिरवतात, त्यांचा हा पणजोबा. फरक एवढाच की इस्ताव्याचा सारा चढे तो पीक चढते म्हणून, आणि सदनिकेला पीक येत नाही.

‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटका’चा वंशज. भाडे आणि पट्टा या दोघांचे लग्न शहरात लागले, आणि या शहराचा स्वतःचा जन्मही खंडाच्या कागदावरचाच आहे. १६६१ च्या विवाहतहान्वये पोर्तुगालकडून मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आंदण आले आणि १६६८ मध्ये त्या राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकले. मुदत घातलेली नसल्यामुळे काटेकोरपणे पाहता हा पट्टा नव्हे, परंतु ज्या भूमीवर आज एका चटईच्या जागेचा हिशेब लाखांत होतो, ती सगळी वार्षिक दहा पौंडांच्या बोलीवर हातची गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनीने पुढे जे धारणाप्रकार सांभाळले त्यांपैकी काहींवर पोर्तुगीज बोलीचा ठसा राहिला. भाडे या अर्थाच्या ‘फोरो’वरून फोरास जमिनी आल्या, ज्यांचे नाव फोरास रोडने अजून धरून ठेवले आहे, आणि मिळकत या अर्थाच्या ‘फजेंदा’वरून फजंदारी आली. या फजंदारीत भूमीचा धनी फजंदार आणि तिच्यावरील घराचा धनी रहिवासी, अशी एकाच ठिकाणची दोन धनीपणे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचे ही कल्पना मुंबईकराला कधीच परकी वाटली नाही. त्याला परका होता तो आकडा.

तो आकडा आला लंडनहून. तेथील ग्रोव्हनर, बेडफर्ड अशा बड्या घराण्यांनी शहराच्या पश्चिमेकडील आपली शेते विकली नाहीत. बांधणाऱ्याने स्वतःच्या पैशाने घर उठवावे, जमिनीचे अल्पसे वार्षिक भाडे भरीत जावे आणि मुदत सरताच जमीन तिच्यावरच्या इमारतीसह घराण्याच्या पदरात परत पडावी, असा व्यवहार त्यांनी बसविला. सतराव्या शतकात ही मुदत बहुधा तीस-चाळीस वर्षांची असे. अठराव्यात नव्याण्णव रूढ झाली. या आकड्यातली खुबी अशी की पट्ट्यावर सही करणारा, त्याचा साक्षीदार आणि बहुधा ज्याच्यासाठी घर घेतले तो मुलगाही, मुदत संपताना ओरड करायला उरत नाही. मृत्यूची हमी धरून आखलेला असा करार मला दुसरा ठाऊक नाही.

मुंबईत या आकड्याला राजमार्ग करून दिला तो प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले, आणि दाट, अंधाऱ्या वस्तीत हवा-उजेड खेळविण्यासाठी १८९८ च्या कायद्याने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूंची शेते आणि खाजणे संपादून ट्रस्टने रुंद रस्ते आखले, भूखंड पाडले आणि ते विकण्याऐवजी नव्याण्णव किंवा नऊशे नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिले. इमारतीची उंची किती, भोवती मोकळी जागा किती, या अटी पट्ट्यातच बांधता येत असल्यामुळे पट्टा हे नगररचनेचे हत्यार झाले, आणि दादर-माटुंग्याचे रस्ते आजही डोळ्यांना निववितात ते त्या हत्याराच्या धारेमुळे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्याच्या हाती नऊशे नव्याण्णवाचा कागद आला त्याला आचंद्रार्कच मिळाले म्हणावयाचे; ज्याच्या हाती नव्याण्णवाचा आला त्याच्या नातवाने बोटे मोजायची. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, पट्टे मात्र चालत राहिले. पुढे वाशी-नेरूळकडे १९७० नंतर सिडकोने भूखंड दिले ते तर साठ वर्षांच्या मुदतीने. म्हणजे नातवाचीही गरज उरली नाही.

त्याच १८९८ साली चीनकडून ब्रिटिशांनी हाँगकाँगच्या उत्तरेकडील प्रदेश नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला. तेथील घरांचे पट्टे मूळ मुदतीच्या तीन दिवस आधी संपत. आणि १९७० नंतरच्या दशकात कर्जाची मुदत त्या तारखेपलीकडे जाऊ लागली तेव्हा, घरे जागच्या जागी उभी असताना, त्यांच्या भवितव्याचा प्रश्न गव्हर्नरला १९७९ मध्ये बीजिंगपर्यंत न्यावा लागला. साम्राज्यालाही पट्ट्याची शेवटची ओळ वाचावी लागली ती अशी.

आमच्या नात्यातले एक अण्णा उपनगरातील एका गृहनिर्माण संस्थेचे बावीस वर्षे सेक्रेटरी आहेत. मागच्या दिवाळीत त्यांनी लोखंडी कपाटातून कापडी बस्ता काढला आणि त्यातला जाड, पिवळट, घडीवर फाटू लागलेला पट्टा माझ्यापुढे उलगडला. प्रारंभ १९५८, मुदत नव्याण्णव वर्षे. शेजारी मालमत्ता पत्रक ठेवले. त्यात ‘धारक’ या रकान्यात एका विश्वस्त निधीचे नाव आणि ‘पट्टेदार’ या रकान्यात, ज्यांची तसबीरसुद्धा आता कुणापाशी नाही अशा बांधकाम व्यावसायिकाचे. संस्थेचे नाव कुठेच नव्हते.

“म्हणजे अण्णा, घरं आपली आणि जमीन उसनी?” मी विचारले.

“उसनं बरं रे,” अण्णा म्हणाले, “उसन्या डब्यातून आणलेलं तूप तरी आपण खाऊन टाकतो. इथं डबा परत करताना तूपही परत.”

कायद्याची भाषा अण्णांपेक्षा उदार आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८, उलट करार नसेल तर, पट्टेदाराला जमिनीवर स्वतः जोडलेली वस्तू काढून नेण्याची मुभा देते. मात्र चार मजली इमारत तूपभाकरीच्या शिदोरीसारखी बांधून नेणे कोणाला साधते, हे कलमकर्त्यांनी सांगितलेले नाही, आणि बहुतेक पट्ट्यांत हा ‘उलट करार’ आधीच लिहिलेला असतो. कलम १११ प्रमाणे मुदत सरली की पट्टा आपोआप संपतो. शर्तभंग झाला आणि पट्ट्यात तशी तरतूद असली, तर मुदतीपूर्वीही. भाडे थकल्याने पट्टा रद्द होत असेल तर व्याज व खर्चासह रक्कम भरणाऱ्याला न्यायालय कलम ११४ खाली वाचवू शकते. पण तळमजल्यावरच्या गाळेवाल्याने परवानगीवाचून पोटमाळा ठोकला तर त्याचा जाब तिसऱ्या मजल्यावरच्या विधवेलाही द्यावा लागतो, कारण पट्टा एकच आणि शर्ती सर्वांच्या गळ्यात.

१९६३ च्या सदनिका मालकीच्या कायद्याने बांधणाऱ्यावर मिळकतीचे हस्तांतरण संस्थेला करून देण्याचे बंधन घातले, तथापि जो स्वतःच पट्टेदार तो पट्ट्यापलीकडचे काय देणार? २००८ मध्ये ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद आली, तिने गायब झालेल्या बिल्डरची सही वाचते, जमीनमालकाची मालकी हलत नाही. पुनर्विकास म्हटला की संमतीसाठी त्याच मालकाचा उंबरा झिजवायचा. घर विकायचे म्हटले की ‘ना हरकत’ आणि हस्तांतरण शुल्क. सरकारी पट्ट्यांच्या नूतनीकरणाचे धोरण २०१२ मध्ये ठरले तेव्हा भुईभाडे रेडी रेकनरच्या दराशी जोडले गेले, आणि ज्यांच्या आजोबांनी मनीऑर्डरीने भागेल एवढे भाडे भरले होते त्यांना वकील करावा लागला.

शेतातल्या कुळाचे दैव याच राज्यात वेगळे निघाले. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. शहरातल्या कुळासाठी असा दिवस पंचांगात उगवला नाही. सरकारी जमिनीच्या पट्टेदाराला अधिमूल्य भरून वर्ग एकचा भोगवटादार होण्याची वाट २०१९ च्या नियमांनी काढली खरी, परंतु अण्णांच्या संस्थेसारखी जमीन खाजगी विश्वस्तांची असेल तर ती वाट तिच्या दारावरून जात नाही.

अण्णांनी बोटांवर हिशेब केला: २०५७. आज घर घेणाऱ्याला वीस वर्षांचे कर्ज मिळेल, कारण ते फिटल्यावरही पट्टा श्वास घेत असेल. पण त्याने दहा-बारा वर्षांनी घर विकायला काढले की पुढच्या गिऱ्हाइकाला बँक तीच मुदत देणार नाही, आणि घराची किंमत तिथून उतरणीला लागेल. तिसऱ्या मजल्यावरची सदनिका सध्या विकायला आहे. भाव शेजारच्या स्वतंत्र मालकीच्या इमारतीइतकाच सांगितला जातो. आतापावेतो पाच कुटुंबे पाहून गेली. त्यांनी पाणी किती वाजता येते ते विचारले, गाडीला जागा आहे का ते विचारले, एका बाईंनी स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे का ते होकायंत्र लावून पाहिले. अण्णा बस्ता अजून टेबलावरच ठेवतात.