धोडपखाली बाण ठोकताना

जून 1768. हट्टी गावाच्या वरच्या अंगाला तुम्ही उकिडवे बसला आहात. नाकात गंधक आहे, उंटांच्या लेंड्या आहेत आणि दूर कुठेतरी पडलेल्या वळवाचा मातीचा वास आहे. समोर धोडप किल्ला. माथ्यावर पिंडीसारखा कातळ आणि शेजारच्या कातळभिंतीत करवतीने कापल्यासारखी खाच. तिकडे रघुनाथराव, इकडे पुतण्याची म्हणजे माधवराव पेशव्यांची फौज.

चुलत्या-पुतण्याचं भांडण राहू द्या. तुम्ही आलात ते अग्निबाण सोडायच्या कैचीजवळ बसलेल्या या म्हाताऱ्या बाणदारासाठी.

त्याच्या दोन पायांच्या बेचक्यात वीतभर लोखंडी नळी उभी आहे, बूड बंद. सोरा, कोळसा, गंधक एकत्र कुटलेली दारू तो चिमटीने आत सोडतो आणि वर लाकडी ठोकणी धरतो. लोखंडी ठोकणी इथे कुणी आणत नाही. एक ठिणगी पुरे. प्रत्येक थराला तितकेच ठोके. ओठ हलतात, आवाज नाही. ठोकणी तुमच्या हातात येते आणि पाचव्या थराला तुमचा एक ठोका चुकतो. तो नळी काढून घेतो.

"ढिलं राहिलं की भेग पडती. भेगंत आग शिरली की नळी फुटती. बाण उडतच न्हाई, पोरा."

घरच्या घरी रॉकेटची मोटर बनवणाऱ्या तुमच्या काळातल्या हौशी माणसाला हे कुणी सांगायला नको. भेग म्हणजे जळायला जादा पृष्ठभाग, म्हणून जादा वायू, म्हणून दाब. याच जातीचे म्हैसुरी बाण पुढे इंग्रजांच्या हाती लागतील आणि विल्यम काँग्रीव्ह वुलिचला बसून त्यांवरून आपली रॉकेटं घडवेल. शिमोग्याकडच्या नगर गावात एका विहिरीतून 2018 साली हजारावर नळ्या निघतील. या म्हाताऱ्याचं नाव मात्र कुठल्याच कागदात नसेल.

आता कळकाची काठी. वादीने तो ती नळीला घट्ट बांधतो आणि सगळा बाण एका बोटावर तोलून बघतो. काठी आखूड पडली तर बाण गरगरेल, लांब झाली तर उठणार नाही. बोट इंचभर सरकवतो, हुं म्हणतो, टोकाचं पेर छाटतो.

कोरड्या नाल्यात पहिली चाचणी. बत्ती लागते, फुसफुस, मग कानठळ्या बसवणारी किंकाळी. बाण जमिनीला घासत जातो, दगडाला अडखळतो आणि वळून थेट उंटांकडे येतो. एकच पळापळ! घरातलाच बाण घरावर. धोडपखाली याहून साजेसं काही घडणं अवघड. दुसरा सुळकन सुटतो, पण खोकतो आणि अर्ध्यातच पडतो. तुम्ही काठीकडे बघता. म्हातारा आभाळाकडे बघतो.

"काठीचं न्हाई. सोऱ्यानं वल धरली."

मिठाचा अंश राहिलेला सोरा दमट हवेत पाणी ओढून घेतो. 10 जूनला लढाई होईल, काकांना पकडून पुण्याला शनिवारवाड्यात नेलं जाईल. म्हाताऱ्याला हे पुढचं काही ठाऊक नाही. त्याला फक्त पश्चिमेचा ढग दिसतो आहे.

तुमच्या मनगटावर पहिला टपोरा थेंब पडतो. म्हातारा मेणकापड ओढतो, ते सगळ्या बाणांना पुरत नाही. उरलेले चार बाण तो तुमच्या हातात कोंबतो.

"छातीशी धर. वाकून बस."

तुम्ही वाकता.