सात-नऊच्या छिद्रापासून हॅशच्या ओळीपर्यंत

पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकावर संशोधकाला आपली आज्ञावली थेट चालवता येत नाही. ती 'जॉब' म्हणून रांगेत लावावी लागते आणि पाळी आली की यंत्र ती स्वतःच चालवते. या जॉबच्या फाइलीतील पहिल्या काही ओळी हॅशच्या (#) चिन्हाने सुरू होतात. आज्ञा वाचणारे 'शेल' त्या ओळी निव्वळ टिप्पणी समजून सोडून देते. रांगेचा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर मात्र किती प्रोसेसर हवेत, किती वेळ हवा, खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे सारे त्याच ओळींतून वाचून घेते. येथे हा कारभार 'स्लर्म' नावाचे मोफत सॉफ्टवेअर पाहते. आश्चर्य असे की, स्लर्मची स्वतःची खूण 'एसबॅच' ही असली तरी हॅशपुढे 'पीबीएस' अशी परक्या घराण्याची खूण आढळली तर त्या ओळीतील ओळखीच्या मागण्याही ते मान्य करते, आणि तसे नको असेल तर वापरणाऱ्याला वेगळा पर्याय देऊन मनाई करावी लागते.

या ओळीचे मूळ शोधताना मुंबईपर्यंत मागे जाता येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातील संशोधक तो वापरू लागले. कामे छिद्रित कार्डांच्या गठ्ठ्यांनी येत आणि एकामागून एक चालवली जात. यालाच 'बॅच' पद्धत म्हणतात. गठ्ठ्यातील बहुतेक कार्डांवर फोरट्रानची विधाने किंवा आकडे असत. पण ज्या कार्डाच्या पहिल्या स्तंभात सात आणि नऊ या दोन्ही ओळींत छिद्र असे, ते कार्ड कामाचा भाग नसून 'स्कोप' या देखरेख करणाऱ्या प्रणालीला उद्देशून आहे असे यंत्र समजे. अशा पहिल्या कार्डावर खर्चाचे खाते, काम देणाऱ्याची ओळख आणि वेळेची मर्यादा लिहिलेली असे. म्हणजे जे काम आज हॅशची ओळ करते, तेच तेव्हा सात-नऊचे छिद्र करीत होते: कामाच्या पोटातच ठेवलेली, पण कामाने न वाचायची चिठ्ठी.

हॅशची ओळ सात-नऊच्या छिद्रातून उतरली, या अनुमानाला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला दावा युनिक्सच्या 'हॅश-उद्गारचिन्ह' या ओळीचा आहे. परंतु ती ओळ फाइल कोणत्या दुभाष्याकडे द्यावी एवढेच सांगते, वेळ किंवा खाते मागत नाही, म्हणून तिच्याकडून फार तर रूप घेतले गेले असे म्हणता येईल. दुसरा दावा आयबीएमच्या दुहेरी तिरप्या रेघेच्या कार्डांचा असून तो अधिक बळकट आहे, कारण त्या कार्डांवरही कामाच्या मागण्याच असत. तरीही पारडे सीडीसीकडे झुकते, आणि त्याचे कारण माणसांच्या व यंत्रांच्या वंशावळीत आहे. ३६०० हे यंत्र सेमूर क्रे यांनी रचलेल्या १६०४ च्या कुळातील. क्रे यांनी १९७२ साली स्वतःची कंपनी काढली. आणि तिचे क्रे-२ हे यंत्र १९८५ साली नासाच्या एम्स केंद्रात दाखल झाले. त्याच केंद्रासाठी त्या दशकात स्टर्लिंग सॉफ्टवेअरने 'एनक्यूएस' हे रांगेचे सॉफ्टवेअर लिहिले, ज्यात हॅशपुढे ॲट व डॉलरची चिन्हे देऊन मागण्या नोंदवल्या जात. कार्डांवर वाढलेल्या पिढीने कार्ड गेल्यावरही त्याची सवय सोडली नाही, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

पुढील टप्पे सर्वपरिचित आहेत. एनक्यूएसची जागा घेण्यासाठी एम्समध्येच १९९१ पासून 'पीबीएस' रचले गेले, आणि जॉब रांगेत टाकणारी 'क्यूसब' ही आज्ञा १९९४ मध्ये पॉझिक्स मानकात आली. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या 'डीक्यूएस'मधून उतरलेल्या ग्रिड इंजिनने हॅश-डॉलर एवढीच खूण ठेवली. मधले ॲट गळाले, असे दिसते. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील स्लर्म सर्वांत धाकटे, आणि त्याचे नाव एका व्यंगचित्र-मालिकेतील पेयावरून घेतलेले, हे गंभीर प्रकृतीच्या लोकांना फारसे रुचत नाही.

येथे एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. भारताला क्रे महासंगणक विकण्यावर अमेरिकेने निर्बंध आणि अटी लादल्या, त्यातूनच १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. यंत्र विनाअट देण्यास जो देश राजी नव्हता, त्याच देशात क्रेच्या सावलीत लिहिलेली रांग मात्र पुढे कोणालाही फुकट मिळू लागली.

या वंशाबाहेरचे एक मोठे नाव आहे: विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास सिद्ध केलेले 'काँडर', म्हणजे आजचे 'एचटीकाँडर'. त्याने महासंगणकाची पाळी लावण्याऐवजी टेबलावर रिकामे बसलेले संगणक हुडकून कामाला जुंपले, आणि मागण्या हॅशच्या ओळींत न लिहिता स्वतंत्र वर्णन-फाइलीत मागितल्या. लायगोच्या गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणात त्याचाच वापर रूढ झाल्यामुळे पुण्याच्या आयुका संस्थेतील 'सारथी' या संगणक-समूहापर्यंत ते पोहोचले.

रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयासारख्या संस्थेला किंवा तेथील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला सामायिक संगणकासाठी विनामूल्य रांग हवी असेल, तर निवड अवघड नाही. काही यंत्रे खास गणनेसाठीच ठेवायची असतील तर स्लर्म घ्यावे, कारण राष्ट्रीय महासंगणन अभियानाच्या यंत्रांवर पुढे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तीच आज्ञा पुन्हा भेटते. जुन्या पीबीएस फाइली सांभाळायच्या असतील तर २०१६ मध्ये मूळ पीबीएस प्रो खुले झाल्यानंतर पुढे आलेले ओपनपीबीएस घ्यावे. पीबीएसचीच दुसरी शाखा असलेल्या टॉर्कच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण २०१८ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या खुल्या राहिलेल्या नाहीत. प्रयोगशाळेतील संगणक तास संपल्यावर रात्रभर रिकामे राहत असतील, तर एचटीकाँडरच योग्य.