चौदाव्या वर्षी संपणारी शाळा

गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तुरुंगात डांबण्यापेक्षा शिकवावे, हा विचार आपल्याकडे पावणेदोनशे वर्षे जुना आहे. डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी अशा मुलांसाठी मुंबईत उद्योगशाळा काढली. पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीने ती सावरली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८५० च्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यातील किंवा अनाथ मुलांना कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्याची सोय केली. पोर सराईत कैद्यांच्या संगतीत बिघडू नये, ही कळकळ खरी होती. पण शिक्षण म्हणजे हाताला काम, एवढीच तिची धाव होती.

१८९७ चा रिफॉर्मेटरी शाळांचा कायदा वाचला की हे स्पष्ट दिसते. तो फक्त पंधरा वर्षांखालील मुलग्यांसाठी होता. शाळेत काय असावे याची यादी त्यात आहे: रात्री मुलांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, दवाखाना आणि औद्योगिक प्रशिक्षण. शाळा म्हणवणाऱ्या संस्थेच्या या यादीत लिहिण्या-वाचण्याचा उल्लेख नाही. मुलगा चौदा वर्षांचा झाला की त्याला परवान्यावर एखाद्या मालकाच्या ताब्यात कामाला देता येई. म्हणजे चौदाव्या वर्षी तो विद्यार्थी राहत नसे, मजूर होई.

यावर कोणी म्हणेल, गरिबाच्या पोराला पोटापाण्याची विद्या मिळाली, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. सुतारकाम, शिवणकाम शिकून कित्येकांचे संसार उभे राहू शकतात. दोष हा की, त्या मुलाने पुढे काय व्हायचे ते त्याची कुवत न पाहता आधीच ठरवले गेले. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: प्रामाणिक गरिबांच्या मुलांना चांगली शाळा मिळत नाही, मग गुन्हा करणाऱ्यांना का द्यावी? पण पहिल्यावरचा अन्याय दुसऱ्याची पाटी काढून घेतल्याने मिटत नाही. शिवाय हा मुलगा उद्या आपल्याच वस्तीत परतणार आहे. शाळेचा दाखला घेऊन परतणे त्याच्या आणि वस्तीच्याही हिताचे आहे.

१९२४ च्या मुंबई बाल कायद्यापासून २०१५ च्या बालन्याय कायद्यापर्यंत दृष्टी निश्चित बदलली. आज बालगृहे आणि निरीक्षणगृहांत शिक्षण ही कायद्याने बंधनकारक सेवा आहे. तरीही शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयापुरतीच आहे आणि गुन्ह्याच्या आरोपावरून या यंत्रणेत येणारी बहुसंख्य मुले सोळा ते अठरा वर्षांची असतात. ज्या वयात १८९७ चा कायदा मुलाला मालकाकडे सोपवू लागे, नेमक्या त्याच वयात आजची हमी संपते. ती अठरापर्यंत वाढवावी आणि प्रत्येक निरीक्षणगृहात दहावी-बारावीची खरीखुरी तयारी करून घेणारे पूर्णवेळ शिक्षक नेमावेत. हे झाल्याशिवाय सुधारगृह या नावाला अर्थ नाही.