जय भीम कॉम्रेड

जय भीम कॉम्रेड हा आनंद पटवर्धन यांनी दिग्दर्शित केलेला इ.स. २०११ मधील माहितीपट आहे. मुंबईच्या घाटकोपर उपनगरातील माता रमाबाई आंबेडकर नगर या वस्तीत ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या दोन घटनांपासून सुरू झालेले चित्रण पुढे चौदा वर्षे चालले. महाराष्ट्रातील जातिव्यवस्था, न्यायासाठीचा दीर्घ लढा, आंबेडकरी आणि डाव्या चळवळींतील नाते आणि या सर्वांची स्मृती जपणारी शाहिरी हे या माहितीपटाचे विषय आहेत. माहितीपटाची लांबी तीन तासांहून अधिक असून त्यातील संवाद व गाणी प्रामुख्याने मराठी आणि हिंदी भाषांत आहेत.

नाव

‘जय भीम’ हे आंबेडकरी समाजातील अभिवादन आहे. ते रूढ करण्याचे श्रेय कामठी येथील कार्यकर्ते बाबू हरदास यांना दिले जाते. ‘कॉम्रेड’ हे कम्युनिस्ट चळवळीतील संबोधन आहे. या दोन शब्दांमागील प्रवाह महाराष्ट्रात कधी एकत्र आले, तर कधी परस्परांपासून दुरावले. मुंबईच्या कापड गिरण्यांमधील विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते आणि संपाच्या मागण्यांत या प्रश्नाला स्थान मिळत नाही, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९२०च्या दशकातील कामगार पुढाऱ्यांविषयी तक्रार होती. तथापि, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झालेल्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. विलास घोगरे यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रवाह होते. माहितीपटाच्या नावाला त्याचा संदर्भ आहे.

पार्श्वभूमी

शाहिरीची परंपरा

आंबेडकरी चळवळीच्या प्रसारात गाण्याचा वाटा मोठा आहे. भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसे उभारले आणि तमाशाच्या अंगाने जाणारा हा प्रयोगप्रकार समाजप्रबोधनासाठी वापरला. पुढे वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवी-गायकांनी भीमगीते खेडोपाडी नेली. डाव्या चळवळीत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारवस्त्यांत असेच काम केले. मातंग समाजात जन्मलेले आणि कम्युनिस्ट विचारांचे अण्णा भाऊ हे या दोन्ही परंपरांना जोडणारे सर्वांत परिचित नाव होय. ज्या समाजाला शाळा आणि छापखाना या दोन्हींपासून दीर्घकाळ दूर ठेवले गेले, त्या समाजाचा इतिहास मोठ्या प्रमाणावर अशा गाण्यांतून टिकून राहिला.

विलास घोगरे

विलास घोगरे हे मुंबईच्या मुलुंड उपनगरातील झोपडपट्टीत राहणारे लोकशाहीर होते. ते आव्हान नाट्य मंच या डाव्या सांस्कृतिक गटात गात असत. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या व पदपथावर राहणाऱ्यांच्या विस्थापनावर पटवर्धन यांनी १९८५ मध्ये ‘हमारा शहर’ हा माहितीपट तयार केला. त्यात घोगरे यांचे गायन आहे. या माहितीपटाला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे घोगरे यांना संघटनेतून दूर करण्यात आले. रमाबाई नगरातील गोळीबारानंतर ते वस्तीत जाऊन आले होते. राहत्या घरी गळफास घेण्यापूर्वी त्यांनी डोक्याला निळे कापड बांधले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या कलावंताने अखेरच्या क्षणी आंबेडकरी चळवळीचा निळा रंग धारण केला. पटवर्धन यांना या मृत्यूची वार्ता समजल्यानंतर त्यांनी चित्रणास सुरुवात केली.

रमाबाई नगर गोळीबार

माता रमाबाई आंबेडकर नगर ही पूर्व द्रुतगती महामार्गालगतची, मुख्यतः बौद्ध समाजाची वस्ती आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी वस्तीतील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवाशांनी महामार्ग रोखला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. जमाव महामार्गावरील गॅसचे टँकर पेटवून देण्याच्या बेतात होता, त्यामुळे मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळीबार करावा लागला, असे समर्थन पोलिसांच्या वतीने करण्यात आले. त्या वेळी राज्यात शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार होते.

घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार आयोग नेमण्यात आला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवून तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकावर ठपका ठेवला. मे २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळपास बारा वर्षांनी, मुंबईच्या सत्र न्यायालयाने या अधिकाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्यानंतर उच्च न्यायालयाने त्यास जामीन मंजूर केला.

निर्मिती

आनंद पटवर्धन यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९५० रोजी मुंबईत झाला. १९७४-७५ मधील बिहार आंदोलनावरील ‘क्रांती की तरंगें’ आणि आणीबाणीतील राजकीय कैद्यांवरील ‘ज़मीर के बंदी’ यांपासून त्यांनी सातत्याने राजकीय माहितीपट केले आहेत. शासकीय संस्था किंवा व्यापारी प्रायोजक यांवर अवलंबून न राहता, लहान चमू घेऊन, कॅमेरा व संकलन स्वतः सांभाळून काम करण्याची त्यांची पद्धत आहे. निर्मितीची कालमर्यादा ठरवणारा कोणी निर्माता नसल्यामुळेच एका विषयाचा चौदा वर्षे पाठपुरावा करणे शक्य झाले.

या कालावधीचा परिणाम माहितीपटाच्या रचनेवर झाला आहे. गोळीबारानंतर लगेच घेतलेल्या साक्षी, त्यानंतरच्या वर्षांतील निवडणुका व सभा, न्यायालयातील तारखा, २००९ चा निकाल आणि जामीन हे टप्पे प्रेक्षकासमोर क्रमाने येतात. चित्रण सुरू झाले तेव्हा प्रकरणाचा शेवट कोणालाच ठाऊक नव्हता. त्यामुळे विलंबाची केवळ माहिती न देता तो प्रत्यक्ष दाखवणे या माहितीपटाला साधले आहे.

आशय

माहितीपटात दिग्दर्शकाचे निवेदन मोजके असून कथन मुख्यतः साक्षी, सभांतील भाषणे आणि गाणी यांच्या आधारे पुढे सरकते.

पहिला भाग रमाबाई नगरातील रहिवासी, जखमी आणि मृतांचे कुटुंबीय यांच्या कथनावर आधारलेला आहे. टँकरविषयीचा पोलिसांचा दावा प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी आणि उपलब्ध दृश्यपुरावा यांच्याशी ताडून पाहिला जातो. यासोबत घोगरे यांचे कुटुंबीय व सहकारी त्यांच्याविषयी बोलतात. त्यांना संघटनेपासून का दुरावावे लागले, या प्रश्नाच्या निमित्ताने डाव्या चळवळीने जातीच्या प्रश्नाकडे कसे पाहिले याची चर्चा होते.

त्यानंतर माहितीपटाचा परीघ विस्तारतो. शहराचा कचरा उपसणारे सफाई कामगार, चैत्यभूमीवर जमणारा जनसमुदाय, जात आता उरलेली नाही असे मानणारे सुस्थित नागरिक आणि आरक्षणाविषयीची त्यांची मते यांतून मुंबईतील जातीचे दैनंदिन रूप समोर येते. दलित पँथरच्या चळवळीतील वक्ते भाई संगारे यांचे चित्रणही त्यात आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. या हत्याकांडाचे आणि त्यानंतरच्या उद्रेकाचे पडसाद माहितीपटात उमटतात. आंबेडकरी पक्षांतील फूट आणि प्रस्थापित पक्षांनी या नेतृत्वाला सामावून घेण्याची प्रक्रिया हा त्यातील आणखी एक धागा आहे.

अखेरचा भाग पुण्यातील कबीर कला मंच या गटावर केंद्रित आहे. २००२ मधील गुजरात दंगलींच्या पार्श्वभूमीवर स्थापन झालेल्या या गटातील शीतल साठे, सचिन माळी व इतर तरुण कलावंत घोगरे यांच्यानंतरच्या पिढीचे प्रतिनिधी म्हणून समोर येतात. चित्रण चालू असतानाच या गटावर नक्षलवादाशी संबंध असल्याचा आरोप झाला. २०११ मध्ये अटकसत्र सुरू झाल्यावर काही सदस्य भूमिगत झाले. शीतल साठे यांच्या आईशी झालेला संवाद या भागात आहे. एका शाहिराच्या मृत्यूने सुरू झालेल्या कथनाचा शेवट दुसऱ्या पिढीतील शाहिरांच्या गैरहजेरीवर होतो.

गाण्यांचे स्थान

या माहितीपटात गाणी पार्श्वसंगीत म्हणून वापरलेली नाहीत. ती सभेत, वस्तीत, घराच्या ओट्यावर प्रत्यक्ष गायली जात असताना चित्रित केलेली आहेत आणि बहुतेक वेळा दीर्घ लांबीची आहेत. घोगरे, संभाजी भगत, कबीर कला मंचाचे कलावंत आणि वस्त्यांमधील अनाम गायक यांच्या गायनातून घटनेची माहिती, तिचा अर्थ आणि तिच्याविषयीचा संताप हे तिन्ही व्यक्त होतात. चौकशी आयोगाचा अहवाल आणि न्यायालयाचे निकालपत्र यांच्या बरोबरीने गाणे हाही साक्षीचा एक प्रकार आहे, ही माहितीपटाची मूलभूत धारणा आहे. ज्यांच्या साक्षीवर यंत्रणा सहजी विश्वास ठेवत नाहीत, त्यांच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची ठरते.

प्रदर्शन

भारतात सार्वजनिक प्रदर्शनासाठी माहितीपटांनाही सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ नुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. चित्रपटगृहांत माहितीपटांना क्वचितच स्थान मिळते आणि दूरदर्शनवर ते दाखवले जातीलच याची खात्री नसते. पटवर्धन यांना यापूर्वीच्या अनेक माहितीपटांसाठी न्यायालयात जावे लागले होते. ‘राम के नाम’ न्यायालयीन लढ्यानंतर १९९७ मध्ये दूरदर्शनवर दाखवला गेला. ‘जंग और अमन’ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००३ मध्ये विनाकाटछाट प्रमाणपत्र मिळाले. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ प्रसारित करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये दूरदर्शनला दिला.

‘जय भीम कॉम्रेड’च्या बाबतीत वस्त्यांमधील प्रदर्शनाला प्राधान्य देण्यात आले. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या बीआयटी चाळीत तो खुल्या जागेत दाखवण्यात आला. त्यानंतर दलित वस्त्या, महाविद्यालये आणि चळवळींतील संघटनांच्या कार्यक्रमांत त्याचे खेळ झाले. ज्यांचे जीवन पडद्यावर आले, तेच प्रेक्षक म्हणून समोर बसलेले असणे हे या खेळांचे वैशिष्ट्य होते. काठमांडू येथील फिल्म साऊथ एशिया, मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि हाँगकाँग आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांमध्ये माहितीपटाला पुरस्कार मिळाले.

नंतरच्या घडामोडी

कबीर कला मंचाच्या कलावंतांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बचाव समितीच्या कामात पटवर्धन यांनी भाग घेतला. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर प्रकट झाले. आपण शरण येत नसून अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी सत्याग्रह करीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना अटक झाली. गरोदर असलेल्या साठे यांना जून २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना मात्र त्यासाठी जानेवारी २०१७ पर्यंत थांबावे लागले. त्यांचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केला. सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना राष्ट्रीय तपास यंत्रणेने भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली.

महत्त्व

रमाबाई नगरातील गोळीबाराविषयी वृत्तपत्रांतील बातम्या, आयोगाचा अहवाल आणि न्यायालयीन कागदपत्रे उपलब्ध आहेत. त्यांत घटनेचा क्रम आणि जबाबदारी नोंदलेली आहे. घटना घडल्यानंतर वस्तीतील माणसे पुढची वर्षे कशी जगली, त्यांनी काय गायले आणि निकालाची वाट पाहताना त्यांच्या भोवतीचे राजकारण कसे बदलले, याचे सलग दृश्य दस्तऐवजीकरण या माहितीपटात आहे. घोगरे यांच्या गायनाचे जे चित्रण आज पाहावयास मिळते, त्यात ‘हमारा शहर’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ या दोन माहितीपटांतील भाग महत्त्वाचा आहे.

शाहीर आणि राज्ययंत्रणा यांच्यातील संघर्ष पुढे मराठी चित्रपटातही आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या २०१४ मधील चित्रपटात एका दलित लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप ठेवला जातो. त्या चित्रपटातील गाणी ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये दिसणाऱ्या संभाजी भगत यांची आहेत.