बाँडचा लेखक १९६४ मध्ये गेला, तरी नव्या कादंबऱ्या येतायत. मग आपल्या झुंजारच्या का येत नाहीत?

समजा, दादरमधल्या एखाद्या प्रकाशकानं उद्या मराठीत जेम्स बाँडची नवीकोरी कादंबरी छापायची ठरवली. लेखक मराठी, गोष्ट नवी, नायक मात्र तोच, ००७. तर लंडनहून नोटीस येईल का?

दोन वर्षांपूर्वी उत्तर सरळ होतं, येईल. आज उत्तर तितकं सरळ नाही. कारण १ जानेवारी २०२५ पासून इयान फ्लेमिंगच्या बहुतेक बाँड पुस्तकांवरचा कॉपीराइट भारतात संपला आहे.

गंमत म्हणजे त्याच प्रकाशकाला बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार'वर नवी कादंबरी काढायची असेल, तर मात्र वारसांची परवानगी लागेल. आणि ती २०५६ संपेपर्यंत लागेल.

म्हणजे लंडनचा हेर मोकळा आणि आपला घरचा झुंजार कुलपात. हे कसं झालं? त्यासाठी आधी बाँडची गोष्ट बघावी लागेल.

लेखक गेला, हेर राहिला

'कॅसिनो रॉयाल' ही पहिली बाँड कादंबरी १९५३ साली आली. फ्लेमिंगनं एकूण १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह लिहिले. ऑगस्ट १९६४ मध्ये तो गेला. शेवटची कादंबरी 'द मॅन विथ द गोल्डन गन' त्याच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये आली आणि उरलेल्या कथांचं पुस्तक १९६६ मध्ये.

तोवर शॉन कॉनरीच्या सिनेमांनी बाँडला जगभर पोचवलं होतं. पुस्तकांचे हक्क ग्लिडरोज नावाच्या कंपनीकडे होते. हीच कंपनी आज इयान फ्लेमिंग पब्लिकेशन्स म्हणून ओळखली जाते. तिच्यापुढे प्रश्न होता, आता पुढं काय?

फ्लेमिंगचा मित्र असलेल्या जेफ्री जेनकिन्स या दक्षिण आफ्रिकी लेखकानं एक बाँड कादंबरी लिहून दिली. कंपनीनं ती नाकारली, आणि ती कधीच छापली गेली नाही.

मग किंग्जली एमिस या नावाजलेल्या ब्रिटिश कादंबरीकाराला काम मिळालं. १९६८ मध्ये 'कर्नल सन' आली, पण लेखक म्हणून नाव छापलं 'रॉबर्ट मार्कम'. कल्पना अशी होती की एकाच टोपणनावाखाली वेगवेगळे लेखक लिहीत राहतील आणि वाचकाला नाव ओळखीचं वाटेल. फ्लेमिंगची पत्नी अ‍ॅन हिचा मात्र या सगळ्यालाच विरोध होता. मार्कमचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

प्रत्येकाचा बाँड वेगळा

खरा सिलसिला सुरू झाला १९८१ पासून.

जॉन गार्डनर (१९८१ ते १९९६) : याने १४ स्वतंत्र बाँड कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे फ्लेमिंगपेक्षाही जास्त. त्याने बाँडला उचलून थेट ऐंशीच्या दशकात आणलं आणि साब गाडीत बसवलं. जुन्या चाहत्यांना ती गाडी बरीच खुपली.

रेमंड बेन्सन (१९९७ ते २००२) : हा अमेरिकन लेखक. त्याची पहिली कादंबरी हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाण्याच्या पार्श्वभूमीवर घडते.

सेबॅस्टियन फॉक्स (२००८) : फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीला 'डेव्हिल मे केअर' आली. बाँड पुन्हा साठच्या दशकात गेला.

जेफ्री डीव्हर (२०११) : याने उलटं केलं. त्याचा बाँड एकविसाव्या शतकातला तरुण आहे, अफगाणिस्तानात लढून आलेला.

विल्यम बॉइड (२०१३) : १९६९ साल, आफ्रिकेतला एक काल्पनिक देश आणि पंचेचाळिशीतला बाँड.

अँथनी होरोविट्झ (२०१५, २०१८, २०२२) : याच्या तीन कादंबऱ्या फ्लेमिंगच्या पुस्तकांच्या मधल्या फटींत बसतात. एक 'गोल्डफिंगर'नंतर लगेच, एक 'कॅसिनो रॉयाल'च्या आधी आणि एक शेवटच्या कादंबरीनंतर. पहिल्या कादंबरीत तर फ्लेमिंगचा अप्रकाशित मजकूरही वापरला आहे.

किम शेरवूड (२०२२ पासून) : हिच्या मालिकेत बाँड बेपत्ता आहे आणि गोष्ट इतर 'डबल ओ' हेरांची आहे.

यादी बघितली की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक नव्या लेखकाला पहिला निर्णय काळाचा घ्यावा लागतो. नायकाला आजच्या जगात आणायचं की त्याच्या मूळ काळातच ठेवायचं? आजच्या जगात आणलं तर मोबाइल, ड्रोन, सीसीटीव्ही आले आणि जुना मूड गेला. जुन्या काळात ठेवलं तर बायकांबद्दलची, वसाहतींबद्दलची त्या काळची दृष्टीही सोबत येते, आणि तिचं काय करायचं हे लेखकाला ठरवावं लागतं.

हे फक्त बाँडचंच नाही. रॉबर्ट लडलमनं जेसन बोर्नच्या तीन कादंबऱ्या लिहिल्या. तो २००१ मध्ये गेल्यावर आधी एरिक व्हॅन लस्टबेडर आणि मग ब्रायन फ्रीमन यांनी ती मालिका चालवली. जॉन ल कारे डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या जॉर्ज स्मायलीला २०२४ मध्ये 'कार्लाज चॉइस' या कादंबरीतून परत आणलं ते त्याच्याच मुलानं, निक हार्कवेनं.

भारतातही हे झालंय

शरदिंदू बंद्योपाध्याय १९७० मध्ये गेले तेव्हा ब्योमकेश बक्षीची एक कथा अर्धवट राहिली होती. ती पुढं नारायण सन्याल यांनी पूर्ण केली.

उर्दूत इब्ने सफी यांच्या 'इमरान' मालिकेचं वेड इतकं होतं की ते १९६०च्या सुमारास आजारी पडल्यावर इतरांनीच परस्पर इमरान लिहायला सुरुवात केली. १९८० मध्ये सफी गेले. मजहर कलीम यांच्यासारख्या लेखकांनी इमरानवर पुस्तकांचा ढीग रचला. लंडनमध्ये कंपनी लेखक निवडत होती, इथं बाजारानंच निवडले.

मराठीत काय झालं?

मराठीत माल कमी नव्हता. अर्नाळकरांच्या नावावर हजारावर रहस्यकथा आहेत. झुंजार आणि काळापहाड ही नावं गिरगावपासून परळ-लालबागपर्यंतच्या चाळीत घराघरांत ठाऊक होती. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचा मोठा धंदा अशाच पुस्तकांवर चालायचा. पुढं गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले.

पण हे सगळे नायक आपापल्या लेखकासोबतच थांबले. यामागं तीन कारणं दिसतात.

एक, लेखकच कारखाना होता. एकटा माणूस हजार पुस्तकं लिहीत असेल तर दुसऱ्या लेखकाची गरज कुणाला? नवा लेखक आला की तो स्वतःचा नवा नायक घेऊनच यायचा.

दोन, नायक सांभाळणारी संस्था नव्हती. फ्लेमिंगमागं कंपनी होती. कुणाला लिहू द्यायचं, कुणाला नाही, मानधन किती, कशात बदल चालेल, हे ती ठरवत होती. आपल्याकडं पुस्तक छापलं, वाचनालयांत गेलं, फाटलं, संपलं.

तीन, वाचनालयांचा तो धंदाच बसला. टीव्ही आला, मग केबल आली. ज्या वाचकासाठी दर महिन्याला पुस्तकं निघायची, तो वाचकच दुसरीकडं गेला.

आता कायद्याचं गणित

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढं ६० वर्षं हक्क टिकतात. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, त्या वेळी ती १० वर्षांनी वाढवली गेली.

हे गणित लावून बघू.

- इयान फ्लेमिंग, निधन १९६४ : भारतात २०२४ अखेर हक्क संपले.
- बाबूराव अर्नाळकर, निधन १९९६ : २०५६ अखेरपर्यंत हक्क.
- सुहास शिरवळकर, निधन २००३ : २०६३ अखेरपर्यंत.
- गुरुनाथ नाईक, निधन २०२१ : २०८१ अखेरपर्यंत.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाचं गणित वेगळं असतं. तिथं ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून 'द मॅन विथ द गोल्डन गन' भारतात २०२६ च्या सुरुवातीला मोकळी झाली.

मग दादरचा बाँड खरंच शक्य आहे?

शक्य आहे, पण चार खड्डे आहेत.

पहिला, हे फक्त भारतापुरतं आहे. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षं आहे, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत. अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं आहेत, म्हणजे 'कॅसिनो रॉयाल' २०४९ मध्ये मोकळी होईल. त्यामुळे मराठी ई-बुक लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी वाचकाला विकलं तर गोत्यात.

दुसरा, ट्रेडमार्क. कॉपीराइट संपतो, ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलं तर संपत नाही. '००७'चा बंदुकीच्या आकाराचा लोगो मुखपृष्ठावर छापला तर वाद होऊ शकतो.

तिसरा, सिनेमातला बाँड वेगळा. पुस्तकात 'क्यू ब्रँच' आहे, पण गॅजेट हातात देणारा तो खट्याळ म्हातारा 'क्यू' सिनेमानं घडवला. 'थंडरबॉल'ची कथा तर फ्लेमिंगनं आणखी दोघांसोबत रचली होती आणि त्यावरून कोर्टबाजी झाली. म्हणून ब्लोफेल्ड आणि स्पेक्टरपासून लांब राहिलेलं बरं.

चौथा, नंतरच्या लेखकांचं काही उचलता येत नाही. गार्डनर, होरोविट्झ, शेरवूड यांची पात्रं आणि प्रसंग अजून त्यांचे हक्क असलेल्यांकडेच आहेत.

आणि झुंजारसाठी?

'नाव तेच ठेवतो, गोष्ट माझी लिहितो' असं म्हणून चालत नाही. ठसठशीत पात्राला स्वतंत्र संरक्षण मिळू शकतं. 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये प्रथमदर्शनी असंच मत दिलं होतं.

म्हणजे आधी हक्क कुणाकडे आहेत ते शोधायचं. इथंच खरी अडचण येते. सध्याच्या कायद्यात करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात. पण १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना हा नियम लागत नाही. म्हणजे जुन्या पुस्तकासाठी मूळ कागद बघावा लागतो. हक्क वारसांकडे परत आले की प्रकाशकाकडेच राहिले, हे त्या कागदावर ठरतं. आणि प्रकाशनसंस्था बंद पडली असेल, कागदच हरवला असेल, तर परवानगी मागायची कुणाकडं?

म्हणून घरात जुने रहस्यकथाकार असलेल्या कुटुंबांनी दोन गोष्टी आत्ताच केल्या तर उपयोग होईल. करार, पावत्या, प्रकाशकांची पत्रं एका जागी ठेवणं आणि हक्क कुणाच्या नावावर आहेत हे लेखी ठरवणं. वारस चार असतील तर सही चौघांची लागते, आणि एक सही अडली की पुस्तक अडतं. लिहिणाऱ्या तरुणांनीही अशा घरांचं दार वाजवायला हरकत नाही.

नाहीतर झुंजार १ जानेवारी २०५७ ला मोकळा होईलच. पण ज्यांनी त्याला लहानपणी चाळीच्या गॅलरीत बसून वाचलं, त्यांच्यातलं तेव्हा नवं पुस्तक उघडायला कुणी नसेल.